स्टारगेट परत येतेय: नाचणारे, धास्तावलेले आणि लेखकांची खोली

प्रश्न थोडक्यात असा आहे: "'स्टारगेट'ची नवी मालिका येणार ही बातमी आल्यापासून आमच्या मित्रांत दोन तट पडलेत. अर्धे आनंदाने नाचतायत, अर्धे म्हणतायत की आता जुन्याचीही माती करणार. तुम्ही इतकी वर्षं मालिका लिहिताय, तर सांगा, यातलं कोण बरोबर? चाहत्यांचा आरडाओरडा बनवणाऱ्यांपर्यंत पोचतो का? आणि नवीन बघण्याआधी जुनं सगळं बघून घ्यायला हवं का?"

आधी निकाल देते, मग कारणं. धास्तावलेल्यांची भीती पुष्कळदा रास्त असते, पण ते बोट भलतीकडे दाखवतात. नाचणाऱ्यांना जे हवं असतं, म्हणजे तेच कलाकार, तेच लेखक, तीच कथा पुढे, ते जसंच्या तसं मिळूनही मालिका आपटू शकते आणि आपटलेली आहे. घोषणेच्या आठवड्यात दोन्ही गट ज्यावरून भांडतात, त्यावर मालिकेचं बरंवाईट क्वचितच ठरतं. ते ठरतं लेखकांच्या खोलीत, आणि त्या खोलीबद्दल बातमीत फार तर एखादी ओळ असते.

ज्यांनी स्टारगेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी जरा पूर्वपीठिका. १९९४ मध्ये रोलँड एमेरिक आणि डीन डेव्हलिन यांचा सिनेमा आला. इजिप्तच्या वाळूत पुरलेलं एक अवाढव्य कडं सापडतं, त्यावरची सात चिन्हं योग्य क्रमाने जुळवली की दुसऱ्या ग्रहावर जायचं दार उघडतं, एवढी साधी कल्पना. १९९७ मध्ये ब्रॅड राइट आणि जोनाथन ग्लासनर यांनी त्यावरून 'स्टारगेट एसजी-१' काढली. कोलोरॅडोतल्या डोंगराच्या पोटात हवाई दलाचा गुप्त तळ, चौघांची तुकडी, दर आठवड्याला नवा ग्रह. ती दहा सीझन, २१४ भाग चालली. तिच्यातून निघालेली 'अटलांटिस' बरोबर १०० भाग, आणि 'युनिव्हर्स' ४० भाग. मे २०११ मध्ये 'युनिव्हर्स' संपली. २०१८ ची छोटी वेबमालिका सोडली तर त्यानंतर सगळं शांत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने नव्या मालिकेला हिरवा कंदील दिल्याचं जाहीर केलं आणि सूत्रं मार्टिन गेरो यांच्याकडे असल्याचं सांगितलं.

तुमच्या धास्तावलेल्या मित्रांना मी हसणार नाही. या लोकांचे हात आधी पोळलेत, तेही एकदाच नाही. ऑगस्ट २००८ मध्ये 'अटलांटिस' बंद होणार हे कळलं आणि त्याच सुमारास 'युनिव्हर्स'ची घोषणा झाली. बघणाऱ्यांनी दोन बातम्या जोडून घेतल्या: धाकटीला जागा करायला मधलीला घराबाहेर काढलं. अटलांटिसची राहिलेली गोष्ट एका चित्रपटात संपवू असं सांगण्यात आलं होतं. तो चित्रपट झालाच नाही, आणि २०१० च्या अखेरीस स्टारगेटची मालक असलेल्या एमजीएम कंपनीनेच दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

बरं, 'युनिव्हर्स' तरी त्यांच्या ओळखीची असावी? तीही नाही. एसजी-१ मध्ये थट्टामस्करी असायची, संकटातही तुकडीचा प्रमुख कर्नल ओनील एखादा फालतू विनोद मारायचा. 'युनिव्हर्स'मध्ये अंधारं जहाज, हलता कॅमेरा, एकमेकांवर संशय घेणारी माणसं. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' ही दुसरी अंतराळ मालिका नुकतीच गाजून संपली होती, तिची छाप लपत नव्हती. माझं मत विचाराल तर दुसऱ्या सीझनमध्ये मालिकेला स्वतःचा सूर सापडायला लागला होता. पण तोवर जुने रागावून गेले होते आणि नवे पुरेसे आले नव्हते. शेवटच्या भागात जहाजावरचे सगळे दीर्घ निद्रेत जातात, एक शयनकोश बिघडलेला असतो, म्हणून एली नावाचा पोरगा एकटा जागा राहतो. कोश दुरुस्त करायला हातात दोन आठवडे. तिथे मालिका संपली. एलीचं काय झालं हे आजतागायत पडद्यावर कुणी दाखवलेलं नाही.

त्यानंतर २०१४ मध्ये एमेरिक यांच्या नव्या चित्रपटत्रयीची घोषणा झाली. ती पहिल्यापासून गोष्ट सुरू करणार होती, म्हणजे ३५४ भागांचा सगळा संसार बाजूला. दोन वर्षांनी तीही बारगळली. मग ब्रॅड राइट स्वतः नव्या मालिकेवर काम करत होते, तर मार्च २०२२ मध्ये ॲमेझॉनने सुमारे साडेआठ अब्ज डॉलरला एमजीएम विकत घेतली आणि तेही काम बाजूला पडलं. त्या सौद्यात चार हजारांवर चित्रपट आणि टीव्हीचे सतरा हजार भाग होते. एवढा पसारा ताब्यात घेतलेल्याला स्टारगेटची आठवण यायला साडेतीन वर्षं लागली, यात मला नवल वाटत नाही.

या सगळ्यातून गेलेला माणूस बातमी वाचून पहिला प्रश्न विचारतो तो "कलाकार कोण?" हा नसतो. तो विचारतो, "आम्ही जे पाहिलं ते अजून खरं आहे ना?" ही भीती खरी आहे. कुणा कंपनीच्या एका पत्रकाने आपली दहा-पंधरा वर्षं रद्दबातल होतील ही ती भीती. म्हणूनच नोव्हेंबरच्या घोषणेत बाहेरच्यांना गेरो यांचं नाव दिसलं, तर जुन्या प्रेक्षकांची नजर थेट दोन दुसऱ्या नावांवर गेली: ब्रॅड राइट आणि जो मलोझी, सल्लागार निर्माते. मलोझी म्हणजे एसजी-१ च्या चौथ्या सीझनपासून लेखनात असलेला माणूस. एमेरिक आणि डेव्हलिन हे कार्यकारी निर्माते आहेत.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण नाचणारे मित्र या यादीवरूनच नाचत असणार. सल्लागार निर्मात्याकडे शेवटचा शब्द नसतो. तो मसुदे वाचतो, शेरे देतो, "हे आपण तिसऱ्या सीझनमध्ये केलंय" असं सांगतो. शेरा घ्यायचा की नाही ते मुख्य लेखक ठरवतो. मोठ्या नावांपुढची 'कार्यकारी निर्माता' ही पदवी तर कितीदा तरी मूळ हक्कांच्या करारातून आलेली असते, रोजच्या कामाशी तिचा संबंध असेलच असं नाही. म्हणून यादी वाचताना मी एकच बघते: रोज सकाळी फळ्यापुढे कोण उभं राहणार? इथे ते गेरो आहेत. ते अगदी तरुणपणी 'अटलांटिस'च्या लेखकांत दाखल झाले, तिथेच घडले, पुढे 'ब्लाइंडस्पॉट' ही स्वतःची मालिका पाच सीझन चालवली. 'क्वांटम लीप' या जुन्या मालिकेच्या २०२२ च्या पुनरागमनाची धुराही त्यांनी वाहिली, ते दोन सीझन चाललं. म्हणजे घर माहीत असलेला माणूस आहे, आणि जुनं घर पुन्हा उघडताना काय काय गळतं याचाही त्याला अनुभव आहे. माझ्या दृष्टीने बातमीतली सगळ्यात जड ओळ ही.

आता बोट भलतीकडे दाखवतात म्हणजे काय, ते गॅलेक्टिकावरून सांगते. असं दुसरं उदाहरण या व्यवसायात नाही.

१९७८ ची मूळ 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' एका सीझनमध्ये आटोपली. तिच्यात कॅप्टन अपोलोचं काम करणारा रिचर्ड हॅच तिला विसरला नाही. त्याने त्या विश्वावर कादंबऱ्या लिहिल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, शेवटी पदरचे पैसे घालून पुढच्या गोष्टीचं एक ट्रेलर बनवलं आणि १९९९ मध्ये चाहत्यांच्या मेळाव्यांत फिरवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. आणि मालिका परत आली ती कशी? डिसेंबर २००३ मध्ये, रोनाल्ड मूर यांच्या हातून, गोष्ट पहिल्यापासून. हॅचच्या ट्रेलरशी काही नातं नाही. वर स्टारबक हा सिगार ओढणारा रंगेल वैमानिक आता बाई. केटी सॅकहॉफ या अभिनेत्रीला मेळाव्यात शिट्ट्या आणि हुर्यो ऐकावी लागली. जुना स्टारबक डर्क बेनेडिक्ट याने तर रागाने लेखच लिहून टाकला.

सगळा गदारोळ स्टारबकवरून. पण मालिका सुरू झाली आणि सॅकहॉफची स्टारबक तिच्यातलं सर्वांत जिवंत पात्र ठरली. मालिकेला पीबडी पुरस्कार मिळाला. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तिच्यावर परिसंवाद झाला, मानवी हक्क आणि दहशतवाद या विषयांवर. आता खरी गंमत. मालिकेच्या सुरुवातीला शत्रू सायलॉनांबद्दल एक ओळ झळकायची, त्यांच्याकडे योजना आहे म्हणून. लेखकांकडे मात्र तशी आखलेली योजना नव्हती, आणि मूर यांनी ते पुढे लपवलंही नाही. शेवटच्या सीझनमध्ये ज्या गाठी घाईने सोडवाव्या लागल्या, ज्या शेवटावर आजही लोक भांडतात, त्याचं मूळ तिथे आहे. २००३ मध्ये यावर कुणी बोललं का? शक्यच नव्हतं. घोषणेच्या दिवशी कलाकार दिसतो, गणवेश दिसतो, जहाजाचं चित्र दिसतं. कथेचा सांगाडा दिसत नाही. माणूस जे दिसतं त्यावरच चिडणार.

आणि हॅच? तो दुखावला होता, हे त्याने लपवलं नाही. मूर यांनी त्याला पहिल्याच सीझनमध्ये टॉम झॅरेक हे पात्र दिलं: सत्तेला आव्हान देणारा, तुरुंगातून निवडणुकीपर्यंत पोचणारा, हुशार, पूर्ण विश्वास ठेवता येत नाही असा माणूस. जुन्या नायकाला नव्या कथेत विरोधक करून बसवलं. नुसतं पाहुणा म्हणून येऊन हात हलवून जाणारं काम नव्हतं ते. हॅच नव्या मालिकेचा मनापासून समर्थक झाला. जुन्यांना मान कसा द्यावा याचा मला ठाऊक असलेला हा सगळ्यात चांगला धडा. नव्या स्टारगेटमध्ये एसजी-१ मधले अमांडा टॅपिंग किंवा मायकेल शँक्स दिसले तर त्यांना काम दिलंय की दर्शनाला उभं केलंय, एवढं बघा.

नाचणाऱ्यांसाठी उदाहरण 'द एक्स-फाइल्स' या गूढ प्रकरणांच्या मालिकेचं. १९९३ ते २००२ असे नऊ सीझन, मग जानेवारी २०१६ मध्ये पुनरागमन. मुख्य जोडीतला मल्डर तोच, स्कली तीच, निर्माता क्रिस कार्टर तोच, गोष्ट तिथूनच पुढे. चाहत्याने देवाकडे मागावं ते सगळं मिळालं. पहिल्या भागाला अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रेक्षक होते. आणि मग? डॅरिन मॉर्गन यांनी लिहिलेला पाल-माणसाचा भाग बहारीचा होता, जुन्या सर्वोत्तम भागांच्या रांगेत बसेल असा. पण मुख्य कथासूत्र आधीच्या नऊ वर्षांच्या गुंत्यात आणखी गुरफटत गेलं. २०१८ च्या सीझनमध्ये तर स्कलीच्या मातृत्वाबद्दल जुनं सगळं उलटंपालटं करणारा खुलासा आला, आणि जे वीस-पंचवीस वर्षं सोबत होते तेच सर्वांत जास्त संतापले. त्यानंतर स्कली साकारणारी गिलियन अँडरसन पुन्हा ते काम करायला आली नाही. तीच माणसं, तीच कथा, आणि तरीही जुन्यांच्या मनातलं खरं मानलेलं पुसलं गेलं. परकं कुणी येऊन पुसेल ही भीती होती, घरच्याच लेखणीने पुसलं.

'स्टार ट्रेक'बद्दल फार लांबवत नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी कॅप्टन कर्क ज्यांनी पाहिला, त्यांना पुढे केबलवर नव्या ट्रेक मालिकेतला कॅप्टन पिकार्ड दिसला तेव्हा अमेरिकन चाहत्यांना १९८७ मध्येच बसलेला धक्का उशिरा बसला असेल: कर्क नाही, स्पॉक नाही, टक्कल पडलेला कॅप्टन, नाव फ्रेंच आणि बोलणं इंग्लंडचं. तक्रार पिकार्डबद्दल होती. प्रत्यक्षात पिकार्ड झालेल्या पॅट्रिक स्ट्युअर्टने मालिका उचलून धरली, आणि पहिली दोन वर्षं ढेपाळलं ते लेखन. लेखक येत होते आणि वैतागून जात होते. १९८९ मध्ये मायकेल पिलर यांनी खोली ताब्यात घेतली, प्रत्येक भाग एका पात्राच्या मनातून उभा करायची शिस्त लावली, आणि एजंट नसलेल्या, अनोळखी लेखकांची संहिताही वाचायची प्रथा सुरू केली. त्या दारातून आत आलेल्यांत एक तरुण ट्रेक-वेडा होता. सेट बघायला गेला असताना त्याने स्वतः लिहिलेला भाग तिथल्या माणसाच्या हातात ठेवला होता. तो रोनाल्ड मूर. हो, चौदा वर्षांनी गॅलेक्टिका करणारा तोच.

तर बनवणारे चाहत्यांचं ऐकतात का? याचं एक उत्तर हेच, की बनवणारे चाहत्यांतूनच येतात. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका १९८९ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये परत आली, आणि ती आणणारे रसेल टी. डेव्हिस, मागोमाग स्टीव्हन मोफॅट, मार्क गेटिस, पॉल कॉर्नेल हे सगळे लहानपणापासूनचे भक्त. मधल्या काळात मालिका पडद्यावर नव्हती तेव्हा यातल्या कित्येकांनी तिच्या कादंबऱ्या लिहून हात साफ केला होता.

दुसरं उत्तर जास्त रुक्ष आहे, आणि ते चित्रीकरणाच्या वेळापत्रकात दडलंय. आमच्या रोजच्या मालिकांत गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. हाताशी भागांची बँक असते, पुष्कळदा जेमतेम आठवडाभराची. प्रेक्षकांना एखादा ट्रॅक आवडला नाही तर चॅनेलचा फोन येतो आणि पुढच्या पंधरवड्याची गोष्ट वळते. पात्र गावाला जातं, लीप येतो, मेलेला माणूस जिवंत होतो. एप्रिल २०२५ मध्ये 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्न गेल्याचं दाखवलं तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. काही आठवड्यांत शिवाजी साटम पुन्हा पडद्यावर होते. ते आधीपासून ठरलं होतं की ओरडीमुळे झालं, हे बाहेर बसून सांगता येत नाही. पण अशा मालिकेत तसं करणं शक्य तरी असतं.

स्ट्रीमिंगवर ती सोय नाही. पहिला भाग दिसतो तेव्हा सबंध सीझन चित्रित होऊन, बहुधा संकलित होऊन पडलेला असतो. घोषणेवरचा आरडाओरडा जातो प्रसिद्धी विभागाकडे. त्यातून बदललाच तर ट्रेलर बदलतो, मुलाखतीतली भाषा बदलते, "आम्ही जुन्याचा आदर करतो" हे वाक्य तीन वेळा जास्त उच्चारलं जातं. लेखकांच्या खोलीत फळ्यावरचं काही पुसलं जात नाही, आणि खरं सांगायचं तर पुसलं जाऊही नये. घोषणेच्या दिवशी चाहत्याला कथेतलं काहीच माहीत नसतं. तो काय सुधारणार?

ओरड कामी येते ती दुसऱ्या वेळी: मालिका बंद होत असताना, आणि मालकाला ती पैशांत मोजता येते तेव्हा. मे २०१८ मध्ये सायफाय वाहिनीने 'द एक्सपान्स' ही अंतराळ मालिका सोडली. वाहिनीकडे फक्त थेट प्रक्षेपणाचे हक्क होते. नंतर ऑनलाइन बघणाऱ्यांपासून तिला दमडी मिळत नव्हती, आणि या मालिकेचा प्रेक्षक नेमका नंतर बघणारा. चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉन स्टुडिओवरून विमानाने फलक फिरवला. दोन आठवड्यांत ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी मालिका बंद पडण्यापासून वाचल्याचं जाहीर केलं आणि पुढे तीन सीझन आणखी झाले. विमानाचं चित्र सगळ्यांना आठवतं. पण अमेरिकेत त्या मालिकेचे आधीचे सीझन ॲमेझॉनवरच होते, म्हणजे किती लोक बघतात हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसत होतं, हे कमी लोक सांगतात. उलट 'जेरिको'च्या चाहत्यांनी २००७ मध्ये सीबीएसच्या कार्यालयात सुमारे वीस टन शेंगदाणे पाठवले, मालिका परत मिळवली, पण हाती आले सातच भाग. शेंगदाणे पाठवणारे उत्साही होते, बघणारे पुरेसे नव्हते.

स्टारगेटवाल्यांकडेही असा एक विजय आहे. २००२ मध्ये डॅनियल जॅक्सनचं काम करणारा शँक्स एसजी-१ मधून बाहेर पडला, तेव्हा त्यांनी मोठी मोहीम उघडली, आणि सातव्या सीझनला तो परतला. स्टार ट्रेकचं अलीकडचं 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' आठवा: 'डिस्कव्हरी' या ट्रेक मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये अँसन माउंटचा कॅप्टन पाइक लोकांनी डोक्यावर घेतला, त्याची स्वतंत्र मालिका मागितली, २०२० मध्ये ती जाहीर झाली. दोन्हीकडे मागणी नेमकी होती: हा माणूस हवा. "आमचं स्टारगेट बिघडवू नका" याचं लेखकाने काय करायचं?

बातमी वाचण्याबद्दलही एक सांगते, कारण यात लोक फार भाबडे असतात. 'काम सुरू आहे', 'पायलट (पहिला नमुना भाग) लिहिला जातोय', 'मालिकेची ऑर्डर दिली' या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये 'बॅबिलॉन ५' ही जुनी अंतराळ मालिका सीडब्ल्यू वाहिनीवर परत येणार म्हणून लोकांनी पेढे वाटायचं बाकी ठेवलं होतं. तिचे मूळ कर्ते स्ट्रॅझिन्स्की स्वतः लिहिणार होते. मग ती वाहिनीच विकली गेली, नव्या मालकाला महागडं लेखनप्रधान नाट्य नको होतं, आणि तो विषय मिटला. गॅलेक्टिकाची आणखी एक नवी आवृत्ती २०१९ मध्ये जाहीर झाली होती, पाच वर्षं चर्चेत राहून २०२४ मध्ये पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेने हात झटकले. स्टारगेटची घोषणा थेट मालिकेच्या ऑर्डरची आहे, म्हणजे पायरी वरची आहे. तरी जोवर कॅमेरा फिरत नाही तोवर भांडण राखून ठेवा, पुढे लागेल.

मग मी स्वतः काय बघेन? पहिला तास. त्यात जुन्याला ओळख पटली पाहिजे आणि नव्याला काही विचारावं लागता कामा नये. २००५ च्या 'डॉक्टर हू'चा पहिला भाग मी शिकणाऱ्या लेखकांना यासाठीच दाखवते. बीबीसीने दीड वर्ष आधी घोषणा केली तेव्हापासून चाहते काळजीत होते, विशेषतः बिली पायपर या पॉप गायिकेला मुख्य काम दिल्यावर. डेव्हिस यांनी काय केलं? सगळा भाग तिच्या डोळ्यांनी लिहिला. रोझ ही लंडनच्या दुकानात काम करणारी मुलगी. गजर, बस, नोकरी, मित्र, आणि तळघरात अचानक हलू लागलेले प्लास्टिकचे पुतळे. डॉक्टर कोण, कुठल्या ग्रहाचा, त्याच्या लोकांचं काय झालं, यातलं जवळपास काही पहिल्या भागात सांगितलं नाही. डालेक हा डॉक्टरचा जुना शत्रू सहाव्या भागात आणला. डॉक्टर मरताना चेहरा बदलतो ही मालिकेची सर्वांत प्रसिद्ध युक्ती थेट सीझनच्या शेवटी. सव्वीस सीझनचा इतिहास खिशात होता, आणि त्यातली चिल्लर त्यांनी एकेक नाणं काढून खर्च केली. पहिला भाग ब्रिटनमध्ये एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला, आणि पायपरबद्दलची कुरकुर त्याच संध्याकाळी थांबली.

स्टारगेटला ही रचना अवघड जाणार, कारण तिथे कल्पना जितकी सोपी तितका इतिहास जड. गोआउल्ड, असगार्ड, एन्शंट, ओरी, रेथ, या सगळ्या त्या विश्वातल्या जमाती. पहिल्याच तासात यांतली तीन नावं कानावर पडली तर मी सावध होईन. कड्याची चिन्हं फिरली, निळ्या पाण्याची लाट उसळली आणि त्यापुढे उभ्या माणसाच्या पोटात गोळा आलेला मला जाणवला, तर बाकीचं मी माफ करायला तयार आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, जुनं सगळं बघावं का. ३५४ भाग सक्तीने कुणी बघू नयेत. नवी मालिका समजायला ते लागत असतील तर दोष तुमचा नाही. चव घ्यायची असेल तर १९९४ चा सिनेमा बघा, मग एसजी-१ चा पहिला, दोन भागांचा प्रारंभ. पहिल्याच सीझनमधला 'द टॉर्मेंट ऑफ टँटलस' चुकवू नका, १९४५ मध्ये कड्यातून गेलेला आणि पन्नासेक वर्षं परग्रहावर एकटा अडकलेला शास्त्रज्ञ त्यात भेटतो. मालिकेची खरी खोली पहिल्यांदा तिथे कळते. विनोदासाठी चौथ्या सीझनमधला 'विंडो ऑफ अपॉर्च्युनिटी', एकच दिवस पुन्हा पुन्हा जगणारे ओनील आणि त्याच्या तुकडीतला टीअल्क. 'अटलांटिस' नंतर सवडीने, 'युनिव्हर्स' सगळ्यात शेवटी, आणि एलीची गोष्ट अर्धी राहणार हे आधीच पत्करून.

आणि २००६ मधला एसजी-१ चा दोनशेवा भाग, नावच '२००', हा तुमच्या दोन्ही गटांना एकत्र बसवून दाखवा. त्यात मालिका स्वतःचीच यथेच्छ टिंगल करते. कठपुतळ्यांची एसजी-१ आहे, आणि जुने कलाकार काढून कोवळी, चकचकीत पोरं घेऊन मालिका नव्याने केली तर काय होईल याचाही एक प्रवेश आहे. त्या भागाच्या लेखकांत सात नावं आहेत. त्यांत ब्रॅड राइट आहेत, जो मलोझी आहेत, आणि मार्टिन गेरोही आहेत.